दोन मोरांचं टेबल

आधी चहा संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तोंडात घोट असला तर तुमचा शर्ट खराब होईल, आणि मग म्हणाल सरांनी आधी सांगितलं नाही.

तर माझ्या हातून एक घोळ झाला. साधासुधा नाही, गल्लीभर झाला, उदगीरपर्यंत पोचला आणि तिथून बेंगलोरला गेला. मी एक टेबल केलं. स्वतःच्या हातानं, लाकडाचं, चार पायांचं. आणि त्या टेबलापायी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माझं लग्न जवळजवळ ठरलं.

असं पुढं सरकून बसू नका हो! सांगतो सगळं.

मी चित्रकलेचा मास्तर. लातूरच्या शाळेत उभा जन्म पोरांना फुलदाणी काढायला शिकवण्यात गेला. रिटायर झालो आणि पुढच्याच वर्षी मंगल, म्हणजे माझी बायको, गेली. मुलगा प्रशांत बेंगलोरला, सून आणि नात तिकडंच. घरात उरलो मी आणि फ्रीज. फ्रीज अधूनमधून घरघरतो, तेवढीच सोबत.

एकटेपणाचं मोठं दुःख वगैरे मला सांगता येत नाही. पण कुकर लावला की मी शिट्ट्या मोजायला विसरतो. आणि "किती झाल्या गं?" असं विचारायला कुणी नसतं. मग भात कधी कच्चा, कधी खीर. महिन्याभरात माझ्या घराची बेल वाजवणारे दोघंच, एक सिलेंडरवाला आणि एक लाईटचं मीटर बघणारा. दोघांनाही मी "चहा घेता का?" म्हणायचो. दोघंही घाईत असायचे. मीटरवाला तर पुढं पुढं फाटकाबाहेरूनच मान लांब करून आकडा वाचायला लागला.

अशात मार्गशीर्षात एक भलामोठा खोका आला. प्रशांतनं पाठवलेला. आत काय? तर शेगडी! आपली चहाच्या टपरीवरची नव्हे. काळीभोर, वर झाकण, आत कोळसे, कोळशांवर जाळी.

प्रशांत फोनवर म्हणाला, "बाबा, याला ग्रिल म्हणतात. संक्रांतीला आम्ही तिघंही येतो. अंगणात मस्त भाजू. वांगी, कणसं, पनीर, काय पाहिजे ते. फक्त एक टेबल करून घ्या त्याला. खाली ठेवलं तर वाकावं लागतं."

सुताराला बोलावलं असतं तर दोन दिवसांत काम उरकलं असतं, आणि आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं. पण संक्रांतीला महिना होता. दोन दिवसांत टेबल झालं असतं तर उरलेले दिवस मी काय करणार होतो? म्हटलं, आपणच करू. चित्रकलेचा मास्तर आहे, हातात कला आहे, लाकूड काय मोठं लागून गेलं!

आधी कागदावर काढलं. समोरून, बाजूनं, वरून. सहा फूट लांब, चार फूट रुंद. मधोमध शहाबादी फरशी बसवायची, म्हणजे शेगडीची धग लाकडाला लागणार नाही. आजूबाजूला ताटल्या, चटण्या, आणि नात बसली तर तिलाही जागा. चित्र इतकं सुंदर आलं की खरं तर मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

थांबलो नाही. वखारीत गेलो. हमीदभाईंची वखार जुन्या लाकडाची आहे. पडलेल्या घरांची दारं, तुळया, चौकटी, सगळं तिथं येतं. हमीदभाईंनी बाभळीच्या फळ्या काढून दिल्या आणि विचारलं, "सर, सुतार कौन लगाया?"

"मीच करणार."

हमीदभाईंनी माझे हात बघितले. खडू धरून गुळगुळीत झालेले. मग म्हणाले, "अल्ला मालिक हाय."

निघताना म्हटलं, अंगणात वारा फार येतो, राख उडेल. तर टेबलाच्या एका टोकाला उभी आडोशाची फळी पाहिजे. त्यांनी कोपऱ्यातून एक काढून दिली. सागवानी, कोरीव. दोन मोर, समोरासमोर, चोचीला चोच लावून! "पुराना माल हाय सर. असं काम आता कोन करतंय?" मला तर मोह झाला. वारा अडवायला मोर! कलेची जाण असलेल्या माणसाला दुसरं काय पाहिजे? घेतली.

काम सुरू झालं. रंधा, करवत, हातोडी, सगळं अंगणात मांडून बसलो. पहिल्या दिवशी मी आणि फळी दोघंही सारखेच सोललो. तरी आठवड्याभरात वरचा भाग ठोकून झाला, चार पाय लागले, टेबल उभं राहिलं. अडीच फूट उंच. मी लांबून बघितलं. काय रुबाब! जवळ जाऊन हात ठेवला तर डुगडुगलं.

एक पाय लांब होता. तो कापला. मग दुसरा लांब झाला. तो कापला. मग पहिल्याच्या शेजारचा. तुम्ही हसताय, पण तुम्ही करून बघा एकदा! प्रत्येक वेळी फक्त बोटभरच कापायचं होतं. असं बोटबोट करत चार दिवसांनी मी टेप लावून बघितलं, तर अडीच फुटाचं टेबल दीड फुटावर आलं होतं. आणि अजून हलतच होतं.

त्याच दिवशी प्रशांतचा फोन आला.

"बाबा, संक्रांतीचं जमत नाहीये. रजा मिळत नाही. मार्चमध्ये बघू, मिनूची परीक्षा झाली की."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "टेबल झालंच आहे तसं."

"कसलं टेबल?"

"काही नाही. काम कर तू."

फोन ठेवला. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. एवढा राग आला होता की ते टेबल उचलून फाटकाबाहेर टाकावं. पण एकट्याला उचलेना. बाभूळ आहे ती. मग म्हटलं, राहू दे, मोराची फळी तेवढी ठोकून टाकू. उरलेल्या दिवसाचं काहीतरी करायलाच पाहिजे होतं.

आता नीट ऐका. घोळ इथं झाला.

मी गुडघ्यावर बसून एका टोकाला मोर ठोकतोय. तोंडात चार खिळे, ओठांत दाबून धरलेले. तेवढ्यात कुंपणावरून आमच्या समोरचे गोविंदराव डोकावले. गोविंदराव म्हणजे एसटीचे रिटायर कंडक्टर. बस सुटली पण आवाज सुटला नाही. ते समोरच्या माणसाशी बोलले तरी शेवटच्या सीटवरच्याला कळतं.

"सर! काय करायलाव? पलंग का?"

तोंडात खिळे. मी म्हणालो, "हूं." म्हणजे थांबा, सांगतो.

"मोराचा!"

"हूं."

"डबल?"

"हूं, हूं!" मी हातानं खुणावत होतो, अहो थांबा. खिळे थुंकून उभा राहीपर्यंत गोविंदराव गेले होते. फार लगबगीनं गेले होते.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीतच आहे. घरात लग्न निघालं की सुताराला अंगणात बसवायचं आणि पलंग करून घ्यायचा. आता बाजारात तयार मिळतात, पण जुन्या लोकांना अजून घरी ठोकलेलाच पाहिजे. त्यामुळं कुणाच्या अंगणात पलंगाचं लाकूड पडलं की गल्ली विचारत बसत नाही, सरळ तारीख विचारते. आणि माझ्या घरात लग्नाचं कोण होतं? फ्रीज?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मला वाटलं सिलेंडर. दार उघडलं तर गोविंदराव, त्यांची बायको, आणि डब्यात गरम धपाटे.

"आलो असंच," गोविंदराव म्हणाले. असंच! बारा वर्षं समोर राहतात, असंच कधी आले नव्हते.

मी चहा टाकला. तो पितोय तोवर पलीकडचे देशपांडे आले. मग कोपऱ्यावरचे कांबळे साहेब, तहसीलमधले, बायकोसकट. दुपारपर्यंत माझ्या घरातले सगळे कप बाहेर निघाले. दोन कपांत तर कोळ्यानं घर केलं होतं, ते मी गुपचूप धुतले. सगळे गप्पा मारत होते, मला बघून हसत होते, अंगणातल्या मोरांकडं बघून एकमेकांना खुणावत होते. मी म्हटलं, कलाकुसर आवडलेली दिसतेय.

मग गोविंदरावांच्या बायकोनं विचारलं, "मग माहेर कुठलं म्हणायचं त्यांचं?"

"कुणाचं?"

"आता लाजायलेत बगा!" सगळी खोली हसली.

कांबळे साहेब म्हणाले, "सर, तुम्ही बरोबर केलं. माणसानं एकटं राहू नये. लोक काय, दोन दिवस बोलतेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पलंग. मोर. डबल. हूं.

'अहो, ते शेगडीचं टेबल आहे,' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण मी समोर बघितलं. माझ्या खोलीत सात माणसं बसली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून कांबळे साहेब मंगलच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले होते. कुणीतरी धपाटे मोडत होतं, कुणीतरी "सर, साखर कुठंय?" म्हणून स्वयंपाकघरातून ओरडत होतं. माझ्या घरात कुणीतरी साखर शोधत होतं हो!

मी म्हणालो, "अजून तसं काही नक्की नाही."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं.

त्यानंतरचे दहा दिवस काय गेले! रोज माणसं. मी टेबलाचं काम मुद्दाम लांबवलं. एकच पाय चार दिवस पॉलिश पेपरनं घासला. तो इतका गुळगुळीत झाला की त्यावर माशी बसेना. लोक यायचे, कुंपणाला टेकायचे, सल्ले द्यायचे. "सर, गादी कापसाची घ्या, फोमची नका घेऊ, पाठ जाती." मी मान हलवायचो. शहाबादी फरशी मागं भिंतीला टेकवून ठेवलेली होती, तिच्यावर पोतं टाकलं. फरशी दिसली असती तर पलंगाचं पितळ उघडं पडलं असतं ना! फरशीवर झोपतंय कोण?

उदगीरहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. "माझ्या कानावर दुसऱ्याकडून यावं? मी काय मेले होते का?" अशी सुरुवात करून तिनं अर्धा तास झापलं, आणि शेवटी म्हणाली, "रंग तेवढा सावळा असला तरी चालतंय, पण बोलकी बघ. तू मुखदुर्बळ हायस."

आणि अक्कानं बेंगलोरला फोन केला.

आता प्रशांत मला पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा, रविवारी, पाच मिनिटं. त्या आठवड्यात दिवसातून तीनदा! "बाबा, जेवलात का? बाबा, तब्येत ठीक आहे ना? बाबा, काही बोलायचं आहे का तुम्हाला?" मिनूसुद्धा फोनवर यायची. मला तर वाटलं, हे आधीच का नाही सुचलं?

शेवटी त्यानं विचारलं, "बाबा, अक्का आत्या म्हणते ते खरं आहे?"

मी म्हणालो, "आल्यावर बोलू."

"मी येतोच आहे," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी पोचतो. तिकीट काढलंय. तोवर काही ठरवू नका. प्लीज."

संक्रांतीला न मिळालेली रजा मिळाली होती बघा.

या सगळ्यात एकच माणूस असं होतं ज्यानं मला सरळ विचारलं. शेजारच्या उषाताई. नर्स होत्या सरकारी दवाखान्यात, नजर पक्की. एका दुपारी कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, खरं सांगा. पलंग न्हाई ना हे? ह्याला खाली मधी आडवी पट्टीच न्हाई."

मी इकडंतिकडं बघितलं. "टेबल आहे. शेगडीचं. मुलगा संक्रांतीला येणार होता, आता येत नाही. कुणाला सांगू नका."

त्या हसल्या नाहीत. "न्हाई सांगत," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आणि शनिवारी त्याच उषाताई पुन्हा कुंपणाशी आल्या.

"सर, चाकूरला माझ्या वळखीच्या एक बाई हायत. सुमनबाई. मालक जाऊन पाच वर्षं झाली. रोडला खानावळ चालवतेत, लई कष्टाळू. त्यांना तुमचं सांगितलं. उद्या अकराला येते म्हणल्या, बगून जाते. चालतंय का?"

आता तुम्ही म्हणाल, सर, ज्या बाईला तुम्ही स्वतःच्या तोंडानं टेबल आहे म्हणून सांगितलं, ती तुमच्यासाठी स्थळ कसं आणेल? हे तुम्हाला आत्ता सुचतंय. मला तेव्हा सुचलं नाही. दहा दिवस अख्खी गल्ली मला नवरदेव म्हणून बघत होती, मग मीही आरशात तसाच दिसायला लागलो होतो. म्हटलं, उषाताईंना माझी दया आली. म्हटलं, त्यांना कळलं की टेबल खोटं असलं तरी गरज खरी आहे.

आणि गरज खरी होतीच. ते मी आता कबूल करतो.

रविवारी सकाळी मी केसांना कलप लावला. आयुष्यात पहिल्यांदा. पाकिटावर किती वेळ ठेवायचा ते बारीक अक्षरात होतं आणि चष्मा धुऊन ठेवला होता. केस काळे झाले, मिशी काळी झाली, आणि कपाळाची वरची दोन बोटंही काळी झाली. घासून घासून कपाळ लाल झालं, म्हणजे आता लाल आणि काळं. भांग पाडताना मंगलच्या फोटोकडं मी बघितलं नाही. सरळ पाठ केली तिच्याकडं.

अकराला गल्लीत प्रत्येकाला काहीतरी काम निघालं होतं. देशपांडे झाडाला पाणी घालत होते, त्यांच्याकडं झाड नाही. कांबळे साहेब गाडी पुसत होते. गोविंदराव तर काही सोंग न करता खुर्ची टाकूनच बसले होते.

सुमनबाई आल्या. टेम्पो घेऊन! शेजारी उषाताई, मागं रिकामा टेम्पो. म्हटलं, सामान न्यायला आल्या की काय? का मलाच न्यायला?

पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, पदर खोचलेला, चेहऱ्यावर धुरानं आलेला रापलेपणा. मी नमस्कार केला. त्यांनीही केला, आणि माझ्याकडं न थांबता सरळ अंगणात टेबलाकडं गेल्या. बोटानं ठोकून बघितलं. हातानं दाबून बघितलं. खाली वाकल्या. पिशवीतून टेप काढून लांबी मोजली.

मी मनात म्हणालो, बाई संकोची आहेत. एकदम माणसाकडं कसं बघणार? आपणच सुरुवात केली पाहिजे. अक्का म्हणाली होती, तू मुखदुर्बळ हायस. आज दाखवूच.

घसा साफ केला आणि मी बोललो. सगळं एका दमात.

"हे बघा, मी सरळ माणूस आहे. पेन्शन आहे. शुगर काठावर आहे, पण गोळ्या नियमित घेतो. झोपेत घोरतो, पण कुशीवर वळवलं की थांबतो. स्वयंपाक येतो, भात सोडून. मुलाचं मी बघून घेईन. तुमची खानावळ बंद करा असं मी कधी म्हणणार नाही, उलट फळ्यावर रोजचा मेनू मी सुंदर अक्षरात लिहून देईन. मला दुसरं काही नको. घरात बोलायला कुणीतरी पाहिजे. भांडलं तरी चालेल."

देशपांड्यांची पाण्याची बादली भरून वाहत होती, ते बघत नव्हते.

सुमनबाईंच्या हातातला टेप खर्रकन आत गेला. त्यांनी उषाताईंकडं बघितलं. उषाताईंनी कपाळाला हात लावला होता.

"सर," सुमनबाई अगदी हळू म्हणाल्या, "मला खानावळीच्या भाईर कणसं भाजायला टेबल पाहिजेल होतं. ह्या म्हणल्या तुम्ही एक केलंय शेगडीचं, आणि आता ते तुमाला लागंना झालंय."

"टेबल?" कुंपणावरून आवाज आला. गोविंदरावांचा. म्हणजे तो आवाज औसा रोडपर्यंत गेला. "टेबल हाय व्हय ते?"

मी काय केलं असेल? पळावं म्हटलं तर फाटकात टेम्पो उभा. मी त्या टेबलावर बसलो. बसायला उंची मात्र अगदी बरोबर होती.

उषाताई आत जाऊन चहा करून घेऊन आल्या. गल्लीतली माणसं एकेक करून आपापल्या घरात गेली, आणि त्यांच्या घरांतून हसणं ऐकू यायला लागलं. सुमनबाई माझ्या शेजारी टेबलावर टेकल्या.

"मनाला लावून घेऊ नका सर," त्या म्हणाल्या. "एकट्यानं राहिलं की बोलायची सवय जाती. मग एकदम बोललं की असंच होतंय. मालक गेल्यावर मी एका गिऱ्हाईकाला वाढता वाढता त्यांच्या आजारपणापासून सगळं सांगत बसले. त्या बिचाऱ्याची उदगीरची बस गेली."

मला हसू आलं. आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते मी कलपावर ढकललं. कलप झोंबतो ना डोळ्याला.

चहा संपवून त्या उठल्या. टेबलाला पुन्हा एकदा हात लावला. म्हणजे मला नकार मिळाला ते ठीक होतं, मी त्या बाजारात चुकूनच उभा होतो. पण टेबल तरी जाईल असं वाटलं होतं.

"न्हाई सर," त्या म्हणाल्या. "बुटकं हाय. दिसभर वाकून कंबर जाईल माझी. आणि हालतंय."

एकाच सकाळी दोन नकार! टेम्पो आला तसा रिकामा गेला.

संध्याकाळी प्रशांतला फोन लावला. सगळं सांगितलं, पलंग, मोर, हूं, कणसं, सगळं. तो पोट धरून हसला. सून हसली. मिनूला काही कळलं नाही, तरी तीही हसली. मलाही बरं वाटलं, म्हटलं, उद्या समोरासमोर बसून पुन्हा सांगू, टेबलही दाखवू.

"म्हणजे लग्नाबिग्नाचं काही नाही ना?" त्यानं विचारलं.

"अरे नाही रे."

"हुश्श! मग बाबा, आज रात्रीचं तिकीट रद्द करतो. इकडं कामाचा डोंगर आहे. मार्चला येऊच."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी फरशीवरचं पोतं काढलं, ती टेबलावर मधोमध ठेवली, तिच्यावर शेगडी मांडली, कोळसे पेटवले आणि एक वांगं भाजलं. टेबलाच्या कडेला बसून भाकरीबरोबर खाल्लं. वांगं फार छान भाजलं होतं. तसं मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी नव्हतंच. मोरांनी वारा मात्र चांगला अडवला.

दोन दिवस गल्ली हसली. तिसऱ्या दिवसापासून कुणी येईना. चिडून नव्हे, बघायला काही उरलं नव्हतं म्हणून. कप पुन्हा कपाटात गेले. मीटरवाला फाटकाबाहेरून आकडा वाचून गेला.

आठवडाभर मी हे सहन केलं. मग परवा उठलो आणि हमीदभाईंच्या वखारीत गेलो. त्यांनी मला बघून आधी कपाळाकडं बघितलं, मग काही न विचारता चार फळ्या काढून दिल्या. काय करायचं आहे ते मी ठरवलेलं नाही. खरंच नाही. आणल्या, अंगणात टाकल्या आणि रंधा मारायला बसलो. चांगला जोरात, समोरच्या घरात ऐकू जाईल असा.

अर्ध्या तासात गोविंदराव कुंपणावर.

"सर, आता काय करायलाव?"

"तुम्हाला काय वाटतंय?" मी विचारलं.

गोविंदरावांनी फळ्यांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग उजवीकडं, मग डावीकडं. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आवाज खाली आणला.

"पाळणा?"

आता तुम्ही सांगा, मी काय म्हणायला पाहिजे होतं? एवढं सगळं झाल्यावर, शुद्धीवर असलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं? ताडकन उठून, गल्लीला ऐकू जाईल असं, "नाही!" म्हणून ओरडायला पाहिजे होतं की नाही?

मी म्हणालो, "आत या की. चहा टाकतो."